‘भारत ११८वा’ म्हणजे नक्की काय? आनंदाच्या आणि राहणीमानाच्या क्रमवाऱ्या तपासून वाचायची पद्धत

दरवर्षी २० मार्चच्या आगेमागे जागतिक आनंद अहवाल येतो आणि तासाभरात एक आकडा सगळीकडे फिरायला लागतो. २०२५ साली तो होता ११८. ‘भारत १२६वरून ११८वर, आठ क्रमांकांची झेप!’ स्पर्धा परीक्षावाले तो वहीत उतरवतात, शिक्षक फळ्यावर लिहितात, सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाकिस्तान आपल्या पुढं कसा काय?’ म्हणून रात्री उशिरापर्यंत जुंपते. चुका मात्र ठरलेल्या असतात. यादी कोणती ते माहीत नसतं, लोकांना काय विचारलं होतं ते पाहिलेलं नसतं, अहवालाचं वर्ष आणि माहितीचं वर्ष एकच धरलेलं असतं, आणि गुण सोडून सगळे क्रमांकाला चिकटलेले असतात.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. क्रमांक सगळ्यात शेवटी वाचायचा.

## आधीची तयारी

मूळ अहवाल हाताशी हवा, त्याची बातमी चालणार नाही. जागतिक आनंद अहवाल आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा (यूएनडीपी) मानव विकास अहवाल दोन्ही फुकट उतरवता येतात. पीडीएफसोबत आकड्यांची एक्सेल फाइल असते. बहुतेक जण ती उघडत नाहीत, आणि खरा माल तिथंच असतो.

फोनमधला कॅल्क्युलेटर पुरतो. बऱ्याच फोनमध्ये तो आडवा धरला की लॉग आणि घनमूळाची बटणं दिसतात. कागदावर पाच रकाने आखा: अहवालाचं वर्ष, माहितीची वर्षं, गुण, क्रमांक, एकूण देश. पहिल्यांदा करताना तासदीडतास लागेल, पुढच्या वेळी वीस मिनिटं.

## टप्पा १: यादी कोणत्या घराण्यातली ते ठरवा

‘सुखी देशांची यादी’ अशी एकच यादी नाही. निदान चार वेगवेगळी घराणी आहेत आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळवायचे नसतात.

पहिलं घराणं लोकांना विचारून काढलेल्या याद्यांचं. जागतिक आनंद अहवाल यातला. २०१२ पासून तो निघतो, आणि त्यासाठीचं सर्वेक्षण गॅलप ही संस्था करते.

दुसरं नोंदींवर चालणारं. मानव विकास निर्देशांक (१९९० पासून) हा त्याचा नमुना. आयुर्मान, शाळेची वर्षं, उत्पन्न. तुम्ही समाधानी आहात का, असं इथं कोणीच कोणाला विचारत नाही.

तिसरं मिश्र. हॅपी प्लॅनेट इंडेक्स लोकांचं समाधान आणि आयुर्मान घेऊन त्यासमोर पर्यावरणावरचा भार मांडतो, म्हणून कोस्टा रिकासारखे देश तिथं वर दिसतात. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा ‘बेटर लाइफ इंडेक्स’ही याच घराण्यातला. त्यात ११ विषय आहेत आणि कशाला किती वजन द्यायचं ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. भारत त्यात नाही.

चौथं शहरांचं, म्हणजे इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट आणि मर्सर या खासगी संस्थांच्या याद्या. त्यांच्याकडे टप्पा ७ मध्ये येऊ.

घराणं चुकलं की काय होतं ते पाहा. आनंद अहवाल २०२५ मध्ये पाकिस्तान १०९वा (४.७६८ गुण) आणि भारत ११८वा (४.३८९). त्याच वर्षीच्या मानव विकास अहवालात भारत १३०वा आणि पाकिस्तान १६८वा. दोन्ही बरोबर आहेत. एकात लोकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेले गुण आहेत, दुसऱ्यात शाळा, आयुर्मान आणि उत्पन्न. ग्रुपवर भांडणारे दोघेही आपापल्या यादीपुरते खरे असतात, फक्त यादीचं नाव कोणी सांगत नाही.

> सावध: ‘भूतान जगातला सर्वांत आनंदी देश’ हे वाक्य आनंद अहवालातलं नाही. भूतानचा सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांक (९ क्षेत्रं, ३३ निर्देशक) त्या देशानं स्वतःच्या धोरणांसाठी बनवलेला आहे, त्यात इतर देशांशी तुलनाच नसते. जागतिक आनंद अहवालात भूतान २०१९ साली ९५वा होता.

## टप्पा २: विचारलेला प्रश्न शब्दशः वाचा

आनंद अहवालाची सगळी क्रमवारी एका प्रश्नावर उभी आहे. मराठीत तो साधारण असा होईल:

*एक शिडी डोळ्यांसमोर आणा. तळाची पायरी ०, सगळ्यात वरची १०. वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाची म्हणजे सर्वांत वाईट. आज तुम्ही स्वतः कितव्या पायरीवर उभे आहात असं तुम्हाला वाटतं?*

हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात मांडलेली ही शिडी. प्रश्नात ‘आनंद’ हा शब्द कुठंच नाही. माणूस स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडून एक पायरी सांगतो. काल हसलात का, चिंता वाटली का, राग आला का, हेही गॅलप विचारते. पण ती उत्तरं क्रमवारीत धरत नाहीत. म्हणून ‘फिनलंडचे लोक तर गंभीर चेहऱ्याचे, ते पहिले कसे?’ ही शंका मुळातच भलत्या प्रश्नाला धरून आहे.

पुढं जाण्याआधी घरातल्या चार-पाच जणांना हा प्रश्न वरच्याच शब्दांत विचारा आणि आकडे लिहून घ्या. नंतर त्यांनाच ‘तुम्ही आनंदी आहात का?’ असं विचारा. साडेपाच-सहाची पायरी सांगणारी आजी दुसऱ्या प्रश्नाला ‘हो, मजेत आहे की’ म्हणाली, तर दोन प्रश्नांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

> तपासा: बातमीत ‘आनंदी’, ‘सुखी’, ‘समाधानी’ हे शब्द अदलाबदलीनं आले असतील तर लिहिणाऱ्यानं मूळ प्रश्न वाचलेला नाही असं समजा.

## टप्पा ३: वर्षं आणि एकूण देश लिहून काढा

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो.

आनंद अहवालातले गुण तीन वर्षांच्या सरासरीचे असतात. २०२५ च्या अहवालात २०२२, २०२३ आणि २०२४ ची सर्वेक्षणं आहेत, २०२४ च्या अहवालात २०२१ ते २०२३ ची. म्हणजे लागोपाठच्या दोन अहवालांत दोन वर्षं तीच असतात. मानव विकास अहवाल वेगळ्या चालीनं चालतो. मे २०२५ मध्ये आलेल्या अहवालात २०२३ ची माहिती आहे, मार्च २०२४ मध्ये आलेल्यात २०२२ ची.

आता भारताच्या ओळी कागदावर मांडा आणि सहावा रकाना वाढवा: आपल्या मागं किती देश.

- २०२२: गुण ३.७७७, क्रमांक १३६, एकूण १४६, मागं १०
- २०२३: गुण ४.०३६, क्रमांक १२६, एकूण १३७, मागं ११
- २०२४: गुण ४.०५४, क्रमांक १२६, एकूण १४३, मागं १७
- २०२५: गुण ४.३८९, क्रमांक ११८, एकूण १४७, मागं २९

२०२३ साली ‘दहा क्रमांकांनी वर’ अशी बातमी झाली होती. त्या वर्षी यादीतले देशच नऊनं घटले होते आणि आपल्या मागच्या देशांत भर पडली एका देशाची. पुढच्या वर्षी ‘भारत जैसे थे’ असं छापून आलं, तेव्हा मागचे देश सहानं वाढले होते. क्रमांकाच्या बाजूला एकूण देशांचा आकडा नसेल तर तो क्रमांक कोराच समजायचा. वर्गात मुलगा बाविसावा आला म्हटलं की घरचा पुढचा प्रश्न ‘पटावर किती?’ असाच असतो.

यादीतले देश का बदलतात? एखाद्या देशात युद्ध असतं, कुठं परवानगी मिळत नाही, कुठं त्या तीन वर्षांत पुरेसं सर्वेक्षणच झालेलं नसतं. कारण कुठलंही असो, त्याचा भारताच्या कामगिरीशी संबंध नसतो.

> सावध: मानव विकासाच्या दोन जुन्या-नव्या अहवालांतले आकडे शेजारी ठेवून वाढ काढू नका. मार्च २०२४ च्या अहवालात भारताचा २०२२ चा निर्देशांक ०.६४४ होता, मे २०२५ च्या अहवालात २०२३ चा ०.६८५. वजाबाकी ०.०४१ येते आणि डोळे विस्फारतात. दरम्यान मूळ आकडेवारी सुधारली होती, उत्पन्नाचे डॉलरही २०१७ च्या जागी २०२१ च्या किमतींचे धरले होते. नव्या अहवालानंच २०२२ चा सुधारित आकडा ०.६७६ दिला आहे. खरी वाढ ०.००९, आणि क्रमांक १३३वरून १३०. दोन वर्षांची तुलना नेहमी एकाच अहवालातल्या कालमालिकेतून, म्हणजे त्यात दिलेल्या वर्षवार आकड्यांच्या तक्त्यातून करायची.

## टप्पा ४: क्रमांक झाका, गुण बघा, मग अंतर मोजा

बहुतेक देशांत वर्षाला साधारण १,००० माणसांना विचारतात, काही मोठ्या देशांत जास्त. वय १५ आणि पुढं. तीन वर्षांचे मिळून सुमारे ३,०००.

‘१४० कोटींच्या देशात तीन हजार?’ हा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो चुकीच्या जागी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते ती पातेलं लहान की मोठं यावर अवलंबून नसते, भात नीट ढवळलाय का यावर असते. आक्षेप घ्यायचा तर ढवळण्यावर घ्या: गावं आणि वॉर्ड कसे निवडले, कोणत्या भाषांत विचारलं, फोनवर विचारलं की घरी जाऊन. ही माहिती पद्धतीच्या परिशिष्टात असते.

नमुन्यामुळं आकडा किती हलू शकतो ते स्वतः काढा. समजा, एका देशातल्या उत्तरांचं प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीपासून साधारण किती लांब पसरली आहेत त्याचं माप) २.५ पायऱ्या आहे:

1. ३,००० चं वर्गमूळ ५४.८.
2. २.५ भागिले ५४.८ = ०.०४६.
3. त्याला १.९६ नं (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) गुणा: ०.०९.

म्हणजे ४.३८९ हा आकडा ४.३० ते ४.४८ मध्ये कुठंही असू शकतो, असं धरून चालायचं. एकाच वस्तीतली माणसं गटानं निवडलेली असल्यामुळं खरी मर्यादा याहून थोडी मोठीच असते. दोन देशांची तुलना करताना ०.०९ ला १.४१ नं गुणा, ०.१३ येतं. दोन देशांतलं अंतर ०.१३ पेक्षा कमी असेल तर बरोबरी समजा.

आता २०२५ चं वरचं टोक पाहा. डेन्मार्क ७.५२१, आइसलँड ७.५१५. अंतर ०.००६. यावर ‘डेन्मार्कनं आइसलँडला मागं टाकलं’ असं लिहिणं म्हणजे दोघांच्या उंचीत कागदाच्या जाडीइतका फरक मोजणं झालं. फिनलंडचे ७.७३६ मात्र दुसऱ्या क्रमांकापासून ०.२१५ दूर आहेत. तो फरक मानायला हरकत नाही.

यादीच्या मधल्या भागात देश दाटीवाटीनं उभे असतात. तिथं गुणांत किरकोळ बदल झाला तरी क्रमांक पाचदहानं हलतो. अहवालातल्या आलेखात प्रत्येक पट्टीच्या टोकाला जी बारीक आडवी रेघ असते, ती ही मर्यादाच दाखवते. बातम्यांतल्या चित्रांत सगळ्यात आधी तीच रेघ उडवली जाते.

## टप्पा ५: तीन वर्षांची सरासरी फोडा

हा टप्पा कोणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथंच.

फाइलमध्ये भारताचे वर्षवार गुण असे: २०२१ मध्ये ३.५५८, २०२२ मध्ये ३.९३०, २०२३ मध्ये ४.६७६. बेरीज १२.१६४, तिनानं भागून ४.०५५. अहवालात ४.०५४ आहे. शेवटच्या अंकाचा फरक दशांशाच्या छाटणीचा. तो एवढाच असेल तर पद्धत बरोबर.

आता २०२५ चा आकडा उलटा सोडवा:

1. ४.३८९ × ३ = १३.१६७.
2. त्यातून २०२२ आणि २०२३ चे गुण (३.९३० + ४.६७६ = ८.६०६) वजा करा.
3. उरतात ४.५६१. हा २०२४ चा अंदाजे गुण.

२०२३ चा ४.६७६, २०२४ चा सुमारे ४.५६. आठ क्रमांकांची ‘झेप’ घेणाऱ्या अहवालात ताजं वर्ष आदल्या वर्षापेक्षा किंचित खालीच आहे. मग सरासरी वर का गेली? कारण २०२१, करोनाच्या दुसऱ्या लाटेचं वर्ष, सरासरीतून बाहेर पडलं आणि त्याच्या जागी २०२४ आलं. नवं वर्ष गळालेल्या वर्षापेक्षा एक पायरी वर होतं, तिनानं भागून सरासरी ०.३३५ नं चढली. एवढंच.

लगेच ‘मग २०२४ मध्ये घसरण झाली’ असं लिहायला जाऊ नका. टप्पा ४ चा हिशेब इथंही लागतो. एका वर्षाचा नमुना १,००० धरला तर एकेका आकड्याची मर्यादा ०.१५ च्या घरात जाते, आणि फरक ०.११५ आहे. म्हणायचं असेल तर इतकंच म्हणा: २०२३ मध्ये गुण चढले आणि २०२४ मध्ये साधारण तिथंच राहिले.

> तपासा: ‘गेल्या वर्षभरात लोक अधिक समाधानी झाले’ असं वाक्य लिहिण्याआधी गळालेलं वर्ष कोणतं ते पाहा. बऱ्याचदा बातमी त्या वर्षाचीच असते.

## टप्पा ६: रंगीत पट्ट्यांचा अर्थ उलटा लावू नका

आनंद अहवालातल्या आलेखात प्रत्येक देशाच्या पट्टीत रंगांचे सहा तुकडे दिसू शकतात: दरडोई उत्पादन, अडचणीत आधार देणारी माणसं, निरोगी आयुर्मान, निर्णयाचं स्वातंत्र्य, दानशूरपणा आणि भ्रष्टाचाराबद्दलचं मत. त्यावरून ‘या सहा निकषांवर क्रमवारी काढतात’ असं पाठ्यपुस्तकासारखं वाक्य तयार होतं आणि परीक्षेच्या उत्तरांत वर्षानुवर्षं फिरतं. ते चूक आहे.

क्रमवारी फक्त शिडीच्या उत्तरांवर लागते. ती लागल्यानंतर संशोधक पाहतात की देशादेशांतल्या फरकाचा किती भाग या सहा गोष्टींनी समजावता येतो. तो तीन चतुर्थांशाहून जास्त भरतो. तुलनेसाठी ‘डिस्टोपिया’ नावाचा एक काल्पनिक देश धरतात, ज्याच्या वाट्याला सहाही बाबतींत सगळ्यात वाईट आकडे दिलेले असतात. सहा गोष्टींनी उलगडत नाही तो भाग डिस्टोपियाच्या गुणांसोबत उरतो.

खूण लक्षात ठेवा: उद्या भारताच्या दरडोई उत्पादनाचा आकडा चुकीचा निघाला, तर पट्टीचे रंग सरकतील, क्रमांक केसभरही हलणार नाही.

सहापैकी उत्पादन आणि निरोगी आयुर्मान एवढेच आकडे बाहेरून येतात. उरलेल्या चार बाबी गॅलपच्याच साध्या प्रश्नांतल्या. गेल्या महिन्यात दान दिलं का? संकटात हाक मारावी असं कोणी आहे का? भ्रष्टाचाराचा तुकडा म्हणजे लोकांना तो किती वाटतो. किती आहे, हे तिथं मोजलेलं नाही.

## टप्पा ७: मानव विकास निर्देशांक एकदा हातानं काढा

पाठ केलेलं सूत्र विसरतं, एकदा सोडवलेलं गणित सहसा विसरत नाही. मे २०२५ च्या अहवालातले भारताचे २०२३ चे आकडे घ्या: अपेक्षित आयुर्मान ७२.० वर्षं, शिक्षणाची अपेक्षित वर्षं (आज शाळेत जाणारं मूल पुढं एकूण किती शिकेल) १३.०, सरासरी शालेय वर्षं (मोठी माणसं प्रत्यक्षात किती शिकली) ६.९, दरडोई स्थूल राष्ट्रीय उत्पन्न ९,०४७ डॉलर (क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक धरून; २०२१ च्या किमती).

1. आरोग्य. किमान २०, कमाल ८५. (७२ − २०) ÷ (८५ − २०) = ५२ ÷ ६५ = ०.८००.
2. शिक्षण. किमान ०, कमाल अनुक्रमे १८ आणि १५ वर्षं. १३.० ÷ १८ = ०.७२२. ६.९ ÷ १५ = ०.४६०. दोन्हींची साधी सरासरी ०.५९१.
3. उत्पन्न. किमान १००, कमाल ७५,०००, आणि इथं लॉग लागतो. लॉग (९,०४७ ÷ १००) = १.९५६५. लॉग (७५,००० ÷ १००) = २.८७५१. भागाकार ०.६८१. लॉग कोणत्याही पायाचा घ्या, भागाकारात पाया उडून जातो.
4. गुणाकार. ०.८०० × ०.५९१ × ०.६८१ = ०.३२२.
5. घनमूळ. ०.६८५.

अहवालातला आकडाही ०.६८५. तुमचं उत्तर वेगळं आलं तर चूक बहुधा यांतली एक असते:

- ०.६९८ च्या आसपास आलं: आयुर्मानातून २० वजा करायचे राहिले, थेट ७२ ÷ ८५ केलं.
- ०.६९१ आलं: घनमूळाऐवजी तिन्हींची साधी सरासरी काढली. २०१० पूर्वी तशीच काढत. गुणाकार आणल्यामुळं एका बाजूची कमतरता दुसऱ्या बाजूच्या भरभराटीनं पूर्ण झाकता येत नाही.
- ०.६१ आलं: बाजारातल्या विनिमय दरानं येणारं सुमारे २,५०० डॉलर उत्पन्न घातलं. क्रयशक्तीचे डॉलरच घ्यायचे. रुपये घातले तर उत्पन्नाचा भाग १ च्या वर जाईल, म्हणजे चूक लगेच कळेल.

लॉग का? हजाराचे दोन हजार झाले की घरात जो फरक पडतो, तेवढाच मान दहा हजारांचे वीस हजार होण्याला मिळतो. दोन्हींत उत्पन्नाचा भाग सारखाच, सुमारे ०.१०५ नं वाढतो. आणि ७५,००० च्या पुढं कितीही कमावलं तरी गुण वाढत नाहीत.

गट असे: ०.८०० आणि वर अति उच्च, ०.७०० ते ०.७९९ उच्च, ०.५५० ते ०.६९९ मध्यम, त्याखाली अल्प. ०.६८५ म्हणजे मध्यम. ‘६८.५ टक्के विकास झाला’ असं लिहू नका, ही टक्केवारी नव्हे. आणि हा सरासरीचा आकडा आहे. विषमता धरली की भारताचा निर्देशांक ३०.७ टक्क्यांनी खाली येतो, तो तक्ता त्याच अहवालात पुढं आहे.

### शहरांच्या याद्या: आधी वजनं विचारा

इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटच्या यादीत स्थैर्याला २५, आरोग्यसेवेला २०, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, शिक्षणाला १० आणि पायाभूत सोयींना २० टक्के वजन आहे. घरभाडं, महागाई यांना काहीच नाही. म्हणून ‘राहण्यायोग्य’ शहर परवडणारंही असेल असं धरू नका. मर्सरची यादी तर मुळात कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना किती भत्ता द्यायचा हे ठरवायला आहे.

पुण्याचं उदाहरण इथं चपखल बसतं. केंद्रीय गृहनिर्माण आणि नगर व्यवहार मंत्रालयाच्या २०१८ च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात १११ शहरांत पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी. मर्सरच्या २०१९ च्या यादीत तेच पुणे हैदराबादसोबत १४३वं. आणि मंत्रालयाच्याच २०२० च्या निर्देशांकात दहा लाखांवरच्या शहरांत बंगळूर पहिलं, पुणे दुसरं. ‘पुणं घसरलं’ अशी ओरड झाली, पण मधल्या काळात शहरांचे दोन गट पाडले होते आणि नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन दिलं होतं. फूटपट्टीच बदलली होती.

परदेशी जायचं ठरवताना अशा याद्या पाहणार असाल तर स्वतःची वजनं लावा. समजा, दोन देशांना १० पैकी गुण दिले. ‘क’ला उत्पन्न ९, सुरक्षितता ६, मोकळा वेळ ४. ‘ख’ला अनुक्रमे ६, ८, ७. तिन्हींना सारखं वजन दिलं तर क ला ६.३, ख ला ७.०. उत्पन्नाला तिप्पट वजन दिलं तर क ला ७.४, ख ला ६.६. आकडे तेच, पहिला नंबर बदलला. वजनं आधी लिहून घ्या, गुण नंतर भरा. उलट केलं की मनात आधीच ठरलेला देश जिंकेपर्यंत वजनं हलत राहतात.

एक गोष्ट कामाची: २०१८ च्या आनंद अहवालात स्थलांतरितांचे गुण ११७ देशांसाठी वेगळे काढले होते. त्यांची क्रमवारी स्थानिकांच्या क्रमवारीशी जवळपास जुळली, फिनलंड दोन्हींत पहिला. तेव्हा ‘ते तिथल्या लोकांपुरतं, आपल्याला काय’ हा आक्षेप वाटतो तितका पक्का नाही.

## टप्पा ८: आता वाक्य लिहा

नेहमीचं वाक्य: *भारत जगातला ११८वा आनंदी देश असून गेल्या वर्षभरात आठ क्रमांकांनी सुधारणा झाली.*

तपासलेलं वाक्य: *जागतिक आनंद अहवाल २०२५ नुसार, २०२२ ते २०२४ च्या सर्वेक्षणांत भारतातल्या लोकांनी स्वतःच्या आयुष्याला १० पैकी सरासरी ४.३८९ गुण दिले. १४७ देशांत हा ११८वा क्रमांक. आधीच्या अहवालात (२०२१ ते २०२३) गुण ४.०५४ होते.*

जागा एकाच ओळीची असेल तर अहवालाचं वर्ष, गुण आणि ‘१४७ पैकी’ हे तीन तुकडे ठेवा, बाकीचं गाळा. बहुपर्यायी प्रश्नासाठी क्रमांक पाठ करायचाच असेल, तर वहीत त्याच्या अलीकडे अहवालाचं नाव आणि वर्ष लिहा. नाहीतर ऐन परीक्षेत ११८, १२६ आणि १३० हे तिन्ही पर्याय ओळखीचे वाटतात.